पाण्याखालचा जोड : प्रस्तावना

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, जिथं समुद्र ७५ मीटरच्या आसपास खोल आहे, तिथं पोलादी पायांवर तेलाचे फलाट उभे आहेत. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगनं तिथं तेल शोधलं, मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि ‘बॉम्बे हाय’ हे नाव शाळेच्या भूगोलात गेलं. फोटोत दिसतो तो पाण्यावरचा भाग : यंत्रं, क्रेन, हेलिपॅड, कामगारांच्या खोल्या. हे सगळं ज्यावर उभं असतं तो नळ्यांचा सांगाडा, तिथल्या माणसांच्या भाषेत ‘जॅकेट’, जवळजवळ पूर्ण पाण्याखाली असतो. माझगाव डॉकच्या न्हावा यार्डासारख्या ठिकाणी तो किनाऱ्यावर आडवा तयार होतो, बार्जवरून समुद्रात जातो, उभा केला जातो आणि तळात पाइल ठोकून खिळवला जातो. त्यानंतर तो कधीच कारखान्यात परत येत नाही. दर दहा-बारा सेकंदांना एक लाट धरली तरी वर्षाला पंचवीस-तीस लाख धक्के तो खातो. त्यात खारं पाणी, अंगावर चढलेले शिंपले, कधी एखाद्या बोटीची टक्कर. पंधरा-वीस वर्षांत कुठंतरी, बहुधा दोन नळ्यांच्या सांध्यात जुन्या जोडाच्या कडेला, एक बारीक भेग पडते.

जमिनीवर ही भेग म्हणजे कुठल्याही बऱ्या वर्कशॉपचं काम. ग्राइंडरनं ती खोदून काढायची, कडा तासायच्या, भाग तापवून घ्यायचा, एकावर एक रन, म्हणजे जोडाचे थर, भरायचे, सावकाश निवू द्यायचं, मग तपासणी. समुद्राखाली यातली प्रत्येक पायरी अडते. नीट दिसत नाही. अंग स्थिर राहत नाही. भाग तापवून ठेवता येत नाही, कारण त्याला चहूबाजूंनी समुद्र लागलेला असतो. आणि निवण्याचं म्हणाल तर ते ठिणगी पुढं सरकताच होऊन जातं. तरी जोड तिथंच मारावा लागतो. अशा जागी जोड कसा मारतात, तो किती भरवशाचा असतो आणि तो मारण्यासाठी माणसाला काय सोसावं लागतं, हा या पुस्तकाचा विषय आहे. मुख्य भर पाण्याखालच्या वेल्डिंगवर आहे. चालू वायुवाहिनी, अणुभट्टी आणि अवकाश या जागा शेवटच्या भागात येतात.

वेल्डिंगच्या तपासणीत आयुष्य गेल्यामुळं मला या विषयातली एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, ती आधीच सांगून टाकतो. प्रत्यक्ष जोड मारायला लागणारा वेळ थोडा असतो. जोड मारण्याजोगी जागा तयार करणं आणि तिथपर्यंत माणसाला नेऊन सुखरूप परत आणणं, यातच कामाचा बहुतेक वेळ, पैसा आणि अक्कल खर्ची पडते. वेल्डिंगची पुस्तकं सहसा आर्कपासून सुरू होतात आणि वेल्डर कुठं उभा आहे हे गृहीत धरतात. इथं ती उभं राहण्याची जागाच आधी विचारात घेतली आहे.

पाण्यात आर्क पेटतो कसा, हा पहिला प्रश्न कुणालाही पडेल. रॉडचं टोक धातूला लागून ठिणगी पडली की तिथल्या पाण्याची वाफ होते, काही पाणी फुटून त्याचे वायू होतात, रॉडवरचं लेपण जळून आणखी वायू देतं आणि या सगळ्यांचा एक बुडबुडा टोकाभोवती धरतो. आर्क जळतो तो या बुडबुड्याच्या आत. बुडबुडा फुगतो, सुटून वर जातो, त्याच्या जागी लगेच दुसरा येतो. समुद्रानं आपणहून दिलेली ही चिमूटभर कोरडी जागा, आणि थेट पाण्यात होणाऱ्या, म्हणजे ओल्या वेल्डिंगचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. पण या बुडबुड्यात निम्म्याहून जास्त हायड्रोजन असतो, उरलेला बराचसा कार्बन मोनॉक्साइड. वितळलेलं पोलाद हायड्रोजन अधाशासारखं पितं. घट्ट होताना त्याला तो सगळा बाहेर टाकायला वेळच मिळत नाही.

वेळ का मिळत नाही, हे आकड्यांत पाहण्यासारखं आहे. जोडाच्या कडेचं पोलाद ८०० अंश सेल्सिअसवरून ५०० अंशांवर यायला किती सेकंद लागतात, हे माप धातूशास्त्रज्ञ फार जपतात, कारण पोलादाची अंतर्गत घडण बरीचशी याच टप्प्यात ठरते. हवेत मारलेल्या नेहमीच्या जोडाला साधारण ८ ते १६ सेकंद मिळतात. पाण्यात १ ते ६. लोहार विळ्याचं पातं लाल करून पाण्यात बुडवतो तेव्हा जो कडकपणा त्याला हवा असतो, तोच इथं नको असताना येतो. कडक झालेली कड, तिच्यात अडकलेला हायड्रोजन आणि आकसणाऱ्या धातूचा ताण अशी तिन्ही एकत्र आली की भेग पडते. ती लगेच पडत नाही. काही तासांनी, कधी दिवसभरानं पडते. तोवर पाणबुडा वर आलेला असतो आणि काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सह्याही झालेल्या असतात. म्हणून पाण्याखालच्या जोडाची तपासणी थोडा काळ जाऊ देऊन पुन्हा करण्याचा आग्रह धरणाऱ्या माणसावर कुणी वेळकाढूपणाचा आरोप करू नये.

याच कारणानं, जोड मारण्याआधी ‘हे पोलाद कोणतं?’ हा प्रश्न विचारावाच लागतो. पोलादातला कार्बन आणि त्याच्या जोडीनं कडकपणा आणणारे मँगनीज, क्रोमियम वगैरे घटक यांचा हिशेब एका आकड्यात मांडतात, त्याला कार्बन इक्विव्हॅलंट म्हणतात. तो ०.४० च्या वर गेला की साध्या पोलादी रॉडनं ओला जोड मारणं धोक्याचं ठरतं. निकेलचे रॉड हायड्रोजन बऱ्यापैकी सांभाळून घेतात, पण खोली वाढली की त्यांच्या जोडात छिद्रं फार होतात. छिद्रांचा त्रास तसा सगळ्याच रॉडना आहे : दर दहा मीटरला दाब एका वातावरणानं वाढतो आणि वायू जोडात अडकून राहण्याचं प्रमाणही वाढत जातं. ओलं वेल्डिंग म्हणूनच मुख्यतः काही दहा मीटर खोलीपर्यंतचं काम राहिलं आहे.

यावर माणसांनी काढलेला एक उपाय मला फार आवडतो. त्याला टेंपर बीड म्हणतात. पहिल्या रनच्या कडेला कडक पट्टा तयार झालेला असतोच. दुसरा रन अशा नेमक्या अंतरावर आणि इतक्या लवकर टाकायचा की त्याची धग त्या कडक पट्ट्याला पुन्हा तापवून मऊ करेल, पण नव्यानं वितळवणार नाही. अंतर चुकलं की उपाय फुकट. अंतर असतं काही मिलिमीटरचं, हातात जाड मोजे असतात, समोर बुडबुड्यांचा पडदा असतो, आणि तरीही हे जमतं. सरावानं जमतं. पुस्तकातल्या त्या प्रकरणात आकृत्या भरपूर आहेत आणि त्या पाहण्यात वेळ घालवावा.

हे तंत्र आलं कुठून? पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश नौदलाच्या गोद्यांमध्ये जहाजांचे पाण्याखालचे गळके रिव्हेट बंद करण्यासाठी आर्कचा वापर झाला. त्यात जोडाच्या ताकदीची अपेक्षा नव्हती, गळती थांबली म्हणजे झालं. पाण्याखाली खरोखरीचा जोड मारण्याचा पद्धतशीर प्रयत्न १९३२ मध्ये सोव्हिएत संघात कॉन्स्टँटिन ख्रेनोव्ह यांनी केला. त्याच्या चाचण्या काळ्या समुद्रात झाल्या. पाण्याला दाद न देणाऱ्या लेपणाचा रॉड हा त्या कामाचा गाभा होता. नेदरलँड्समध्ये १९४६ च्या सुमारास व्हॅन डर विलिगेन यांनी याच दिशेनं खास रॉड बनवले. दुसऱ्या महायुद्धात बुडालेली जहाजं उचलताना पाण्याखाली कापण्याचं काम प्रचंड झालं. पर्ल हार्बरमध्ये पाण्यात उतरणाऱ्या माणसांनी मिळून सुमारे २०,००० तास पाण्याखाली काढले. पण युद्धातली डागडुजी तात्पुरती असते, जहाज गोदीत पोहोचेपर्यंत टिकली की पुरे. समुद्रातल्या तेलानं हा हिशेब बदलला. मेक्सिकोचं आखात आणि उत्तर समुद्र इथले फलाट गोदीत नेताच येत नव्हते, तेव्हा समुद्रातला जोड कायमचा म्हणून टिकायला हवा होता आणि तो टिकेल याची कुणीतरी हमी द्यायला हवी होती. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीनं १९८३ मध्ये पाण्याखालच्या वेल्डिंगची स्वतंत्र संहिता काढली, डी ३.६. तिनं केलेली सर्वांत प्रामाणिक गोष्ट म्हणजे जोडांचे वर्ग पाडणं. ‘ए’ वर्गाचा जोड जमिनीवरच्या जोडाच्या तोडीचा असला पाहिजे. ‘बी’ वर्गात कमी ताणक्षमता आणि काही छिद्रं चालवून घेतली जातात, मात्र तो जोड तिथं पुरेसा आहे की नाही हे रचना करणाऱ्या अभियंत्यानं ठरवायचं. पाण्यात मारलेला जोड जमिनीवरच्या जोडाइतकाच चांगला, असं खोटं आश्वासन या संहितेनं दिलं नाही. तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला या स्पष्टपणाचं मोल कळतं.

आता हे काम करणारा हात. ओल्या वेल्डिंगमध्ये रॉड धातूवर टेकवून, किंचित दाबून ओढत नेतात. लेपण आतल्या तारेपेक्षा जरा मागं जळत राहतं, त्यामुळं आर्कची लांबी आपोआप राखली जाते आणि दिसत नसलं तरी रन सरळ जाऊ शकतो. गढूळ बंदरात तर डोळ्यांचा उपयोग जवळजवळ नसतोच. डावा हात खाच चाचपत पुढं जातो, उजवा त्याच्या मागून रॉड आणतो. वीज फक्त डीसी वापरायची, एसी नाही, कारण पाण्यातल्या माणसाला एसीचा धक्का कितीतरी जास्त घातक. होल्डर बहुधा ऋण टोकाला जोडतात. उलट जोडला तर विद्युतविघटनानं होल्डरचाच धातू झिजत जातो. अर्थिंगची वायर आणि रॉड यांच्या मध्ये आपलं अंग कधीही येऊ द्यायचं नाही. वर दोर सांभाळणाऱ्या मदतनिसाच्या, म्हणजे टेंडरच्या, हाताशी एक उघडझाप करणारा स्विच असतो. पाणबुडा फोनवर ‘मेक इट हॉट’ म्हणाल्याशिवाय टेंडर तो जोडत नाही आणि ‘मेक इट कोल्ड’ म्हणताच तोडतो, रॉड बदलतानाही. खाली असलेल्या माणसाचा जीव या दोन वाक्यांवर आणि ती ऐकणाऱ्या सहकाऱ्यावर असतो. दातात चांदीचं भरण असलेल्यांना काम करताना तोंडात धातूची चव येते, असं पाणबुडे सांगतात. वीज कुठून कुठं वाहते आहे याची ती आठवणच.

विजेपेक्षा मोठा धोका मात्र कापताना असतो. पोकळ रॉडमधून ऑक्सिजन सोडून आर्कनं पोलाद कापतात. न जळलेला ऑक्सिजन आणि पाण्यातून निघालेला हायड्रोजन वर जातात आणि वर एखादा आडवा तळ, डेक किंवा बंद कप्पा असेल तर तिथं साठतात. पुढची ठिणगी तिथं पोहोचली की स्फोट. म्हणून आधी वरच्या बाजूला वायू जायला भोकं ठेवायची, मग खालून कापायला घ्यायचं. हा नियम ज्यांच्या अपघातांतून शिकला गेला त्यांची नावं बहुतेक ठिकाणी नोंदलेलीही नाहीत.

‘ए’ वर्गाचा जोड हवा असेल, तर पाणी हटवावंच लागतं. त्यासाठी वापरतात ती पेटी, हॅबिटॅट. नळीवर ती बसवायची, नळी जिथून आत-बाहेर जाते तिथं सील लावायचे आणि वरून वायू सोडून आतलं पाणी खाली ढकलायचं. आता आत कोरडं आहे. भाग तापवता येतो, निवण्याचा वेग सांभाळता येतो, जोड धड दिसतो. दाब मात्र बाहेरच्या समुद्राइतकाच असतो, नाहीतर पाणी परत आत येईल. त्या दाबाखाली आर्क आवळला जातो आणि चंचल होतो, तेव्हा विजेचं गणित वेगळं मांडावं लागतं. वेल्डर त्याच दाबाखाली श्वास घेत असतो.

त्या दाबाखाली काम करून माणसानं लगेच वर यायचं म्हटलं तर अंगात विरघळलेले वायू रक्तात फेसाळतात. रोज खाली-वर करणं परवडत नाही. म्हणून सॅच्युरेशन डायव्हिंग, सगळे ज्याला ‘सॅट’ म्हणतात. पाणबुडे जहाजावरच्या दाबबंद खोलीत राहतात, जेवतात, झोपतात. ‘बेल’ म्हणतात त्या दाबबंद कुपीतून कामावर जातात आणि परत त्याच दाबाच्या खोलीत येतात. हा मुक्काम बहुधा २८ दिवसांपर्यंतचा असतो. श्वासात नायट्रोजनऐवजी हेलियम असतो. त्यानं आवाज इतका पातळ होतो की वरच्यांना समजावा म्हणून तो यंत्रातून सरळ करून घ्यावा लागतो. शिवाय हेलियम अंगातली ऊब ओढून घेतो, म्हणून खाली सूटमधून गरम पाणी खेळवतात. बॉम्बे हायच्या खोलीवरून पुन्हा आपल्या हवेत यायला साडेतीन-चार दिवस लागतात. घरून आलेला वाईट फोन असो की खोलीतल्या माणसाचं पोट दुखत असो, हे साडेतीन दिवस कुणालाच कमी करता येत नाहीत.

२७ जुलै २००५. आदल्या दिवशी मुंबईत न भूतो असा पाऊस पडला होता, म्हणून ती तारीख आपल्याला वेगळ्या कारणानं आठवते. समुद्रात ‘समुद्र सुरक्षा’ या सहाय्यक जहाजावरच्या एका खानसाम्याच्या बोटांना इजा झाली होती. खराब हवेमुळं हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हतं, म्हणून त्याला बॉम्बे हाय नॉर्थ फलाटावर उतरवायचं ठरलं. त्याला क्रेननं वर घेतल्यानंतर जहाज लाटांनी फलाटावर आदळलं आणि तेल-वायूची ने-आण करणाऱ्या उभ्या नळीला, रायझरला, धक्का बसला. वायू सुटला, पेटला आणि साधारण दोन तासांत सगळा फलाट समुद्रात गेला. २२ माणसं गेली, ३६२ वाचवली गेली. जहाजानंही पेट घेतला होता. त्यावरच्या दाबबंद खोलीत सहा पाणबुडे होते. सगळे जहाज सोडत असताना त्यांना दार उघडून बाहेर पडता येत नव्हतं, कारण बाहेरची साधी हवाच त्यांचा जीव घेणारी होती. ३६ तासांनी त्यांची सुटका झाली. जहाज काही दिवसांनी बुडालं. ज्यांना ‘मुंबईचा पाऊस’ आठवतो त्यांना त्या सहा जणांचे ते ३६ तासही ठाऊक असायला हवेत, असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या खोलीच्या बाहेर मदतीला माणसं किती, वीज किती वेळ चालणार, श्वासाचा वायू किती उरलाय, हे सगळं दुसऱ्याच्या हातात होतं.

खोल पाणी म्हणजेच धोका, असा समज मात्र या पुस्तकानं घालवला पाहिजे. पाणबुड्यांचा जीव घेणारा एक प्रकार अगदी उथळ पाण्यातही असतो, दाबातला फरक. एका बाजूला पाणी भरलेलं, दुसऱ्या बाजूला रिकामी किंवा कमी दाबाची जागा, मध्ये एक भोक. दहा मीटर पाण्याखाली एक फूट लांब-रुंद भोक असेल, तर त्यावर सुमारे ९०० किलोचा भार असतो. एखाद्याचा पाय त्यात ओढला गेला तर तो कुणीही ओढून काढू शकत नाही. दोन्ही बाजूंचा दाब सारखा होईपर्यंत तो तिथंच अडकतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्रिनिदादमध्ये समुद्राखालच्या ३० इंची नळीची दुरुस्ती करणारे पाच पाणबुडे कोरड्या हॅबिटॅटमध्ये होते. नळीतलं बूच काढताना दाबातला फरक मोकळा झाला आणि पाचही जण नळीत ओढले गेले. एक जण वाचला. जागा उथळ होती. आपल्याकडे धरणांचे दरवाजे, बंदरांच्या भिंती, पाणीपुरवठ्याच्या जॅकवेल अशा असंख्य ठिकाणी याच प्रकारचं काम चालतं. तिथं तेल कंपन्यांसारखी कडक शिस्त असेलच असं नाही. दाबातल्या फरकावरचं प्रकरण या पुस्तकात वेल्डिंगच्या आधी घेतलं आहे, ते योग्यच झालं.

दुसऱ्या अवघड जागांबद्दल थोडक्यात. वायू वाहत असतानाच नळीवर जोड मारायचा, म्हणजे पुरवठा बंद न करता नवी शाखा काढायची किंवा झिजलेल्या भागावर पोलादी बाही चढवायची, हे काम पाण्यातल्या कामाचं सख्खं भावंड आहे. भिंतीच्या आतून वाहणारा वायू उष्णता वाहून नेतो आणि पुन्हा तेच : झटपट निवणं, कडक कड, हायड्रोजनची भेग. उष्णता वाढवून ते टाळायला जावं तर भिंत आरपार जळायची भीती. आतल्या पृष्ठभागाचं तापमान ९८० अंशांच्या खाली राहील असं गणित करून रॉड, वेग आणि प्रवाह ठरवतात. अवकाशात उलट निर्वात पोकळीच असते, जोडाला दूषित करणारी हवा मुळीच नाही. १९६९ च्या ऑक्टोबरात सोयूझ ६ मध्ये व्हॅलेरी कुबासोव्ह यांनी ‘वुल्कान’ या यंत्रानं पहिलं अवकाशी वेल्डिंग केलं, आणि २५ जुलै १९८४ रोजी स्वेतलाना सावित्स्काया यांनी साल्युत ७ च्या बाहेर येऊन हातातल्या अवजारानं धातू कापला आणि जोडला. दोन्ही अवजारं कीव्हच्या पॅटन इन्स्टिट्यूटची. वेल्डिंगचं शास्त्र एका शहरानं किती मनावर घ्यावं, याचं हे उदाहरण.

अणुभट्टीबद्दल मात्र जरा थांबून सांगावंसं वाटतं, कारण तिथं पाण्याची भूमिकाच पालटते. किरणोत्सर्गापासून वाचायचे मार्ग तीन : कमी वेळ, जास्त अंतर, मध्ये आडोसा. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानुसार कामगाराला पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त मात्रा घेता येत नाही. त्यामुळं चांगल्या वेल्डरचा हात हा मोजून खर्च करायचा ऐवज होतो. कामाची हुबेहूब प्रतिकृती करून तिच्यावर सराव करतात, म्हणजे आत गेल्यावर एक मिनिटही विचारात जाऊ नये. शक्य तिथं नळीभोवती स्वतःच फिरणारं ऑर्बिटल टीआयजी यंत्र बसवून वेल्डर लांब उभा राहतो. पण भट्टीच्या पात्रातल्या काही दुरुस्त्या मुद्दाम पाण्याखालीच करतात. साधारण ६० सेंटिमीटर पाणी कोबाल्टच्या गॅमा किरणांना दहाव्या हिश्शावर आणतं. समुद्रात जे पाणी जोड बिघडवतं तेच इथं वेल्डरची ढाल असतं. मात्र या पाण्यात दोन हात भलतीकडे सरकलं तरी मात्रा एकदम वाढते, म्हणून पाणबुड्याला दोरीनं मर्यादेत ठेवतात आणि अंगावर ठिकठिकाणी मापकं लावतात.

हे सगळं वाचल्यावर कुणीही विचारेल की माणसाला पाठवायचंच कशाला. खोल समुद्रात उत्तर स्पष्ट होत चाललं आहे : पाठवू नये. नॉर्वेनं माणसाच्या डायव्हिंगला १८० मीटरची मर्यादा घातली आणि त्यापुढच्या कामासाठी दूरनियंत्रित यंत्रं घडवली. २०१२ मध्ये आस्गार्ड क्षेत्रात २६५ मीटर खोलीवर, चालू वायुवाहिनीवर, माणूस खाली न जाता जोड मारून शाखा काढली गेली. याचं मी मनापासून स्वागत करतो. वेल्डरचं काम गेलं म्हणून हळहळणाऱ्यांनी एकदा सॅटमधल्या माणसाच्या घरच्यांशी बोलावं. काळजी वाटते ती उथळ पाण्याची. यंत्र महाग असतं, ते खोल तेलक्षेत्रात परवडतं. पंधरा फुटांवरच्या जेट्टीच्या खांबासाठी ते कुणी आणत नाही. तिथं माणूसच उतरत राहणार, आणि तिथंच प्रशिक्षण, टेंडर, राखीव पाणबुडा, फोन यांवर पैसे वाचवण्याचा मोह होतो. दोर हातात धरून वर उभा असलेला एकच माणूस टेंडर, स्विचवाला आणि सुपरवायझर अशी तिन्ही कामं करत असेल, तर काम थांबवण्याचा हक्क पाण्यात उतरणाऱ्याला आहे. हे वाक्य या पुस्तकात ठळक अक्षरांत छापलं आहे. ते तसंच राहू द्यावं, अशी प्रकाशकांना माझी विनंती आहे.

पुस्तकाची भाषा कारखान्यातली आहे. रॉड, होल्डर, टॅक, रन, स्लॅग हे शब्द जसेच्या तसे ठेवले आहेत आणि त्यांची संस्कृत रूपं बनवत बसण्याचा खटाटोप केलेला नाही. आयटीआयच्या वेल्डर ट्रेडमधून बाहेर पडलेली मुलं मजकूर न अडखळता वाचतील, आणि बंदरात, धरणावर वा रिगवर देखरेख करणाऱ्या अभियंत्यांनाही त्यात घेण्यासारखं बरंच सापडेल. धातूशास्त्राची प्रकरणं पहिल्या वाचनात जड वाटली तर आधी हाताची आणि सुरक्षिततेची प्रकरणं वाचावीत, मग मागं यावं.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलांना एक व्यावहारिक सूचना. पगाराचे मोठे आकडे ऐकून थेट डायव्हिंग स्कूलकडे धावू नका. आधी जमिनीवर उभा आणि डोक्यावरचा जोड पक्का करा. पंचेचाळीस अंशांत तिरक्या धरलेल्या नळीची ६जी चाचणी पास व्हा. मग व्यावसायिक डायव्हिंगचं मान्यताप्राप्त प्रशिक्षण घ्या आणि प्रवेश घेण्यापूर्वी ते प्रमाणपत्र कुठले मालक मानतात, हे लेखी विचारा. पाणबुड्या वेल्डरच्या लॉगबुकात वेल्डिंगचे तास थोडेच असतात, हेही ठाऊक असू द्या. शिंपले खरवडणं, खांबाची जाडी मोजणं, गंजरोधक ॲनोड तपासणं, बोल्ट आवळणं, कॅमेरा धरणं यात बहुतेक दिवस जातात. ही कामं मन लावून करणाऱ्यालाच सुपरवायझर पुढं कधीतरी रॉड हातात देतो.